रेडिओ बंद झाला की

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. पण खऱ्या नावानं त्याला फक्त पोस्टमन ओळखायचा, तोसुद्धा पाकीट बघून. बाकी सगळ्या बेटांसाठी तो कानसेन. पाहुण्यांना पक्षी दाखवायचं त्याचं काम, आणि पक्षी तो शोधायचा कानांनी. डोळे नंतर. झाडीत शिरायचं, थांबायचं, मान जराशी तिरकी करायची आणि म्हणायचं, "डावीकडे. वाकड्या झाडाच्या मागे. दोघं आहेत." पाहुणे दुर्बिणी लावायचे, तर खरंच दोघं असायचे.

अशा माणसाला कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, डोक्याला हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा.

तो बसला. बराच वेळ काहीच येईना. म्हणून त्यानं आपलं अंदाजानं दोन-चारदा बटण दाबलं.

बाई काचेपलीकडून म्हणाल्या, "अहो, आत्ता तर मी काहीच वाजवलेलं नाही."

मग त्यांनी कागदावर रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत बरी चाललेली आणि पुढे कड्यावरून उडी मारलेली. खालच्या पट्टीचं सगळं ठीक, माणसांचं बोलणं ठीक. वरच्या पट्टीचं, बारीक आवाजाचं, संपलं. वय, वारा आणि इतकी वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी बसणं. मशीन लावता येईल, पण इतकं बारीक तेसुद्धा पकडणार नाही.

"बाई, मी गेल्याच महिन्यात बारकी शोधली," कानसेन म्हणाला. "बारकी म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. तिच्याइतका बारीक आवाज या समुद्रात कुणाचा नाही. शोधली, आणि आठ माणसांना दाखवली."

"मग चांगलंच आहे," बाई म्हणाल्या. "मशीन म्हणतं ते मी सांगितलं."

परतीच्या बोटीत त्यानं स्वतःशीच ठरवून टाकलं. एक तर मशीन खरं, नाहीतर बारकी खरी. पुढच्या सहलीत बारकी मिळाली, तर कागद समुद्रात. नाही मिळाली, तर धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्याचा मॅनेजर कधीपासून मागे लागलाय, सुपरवायझर म्हणून या, त्याला हो म्हणायचं. बर्फ काही गात नाही. पाहुण्यांना खोटं खोटं जंगल फिरवणं त्याला जमणार नव्हतं.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. बायकोला तर, इंजिनाचा पार्ट आणायला जातोय, असं सांगून तो शहरात गेला होता.

"मिळाला पार्ट?" मेहुण्यानं विचारलं.

"नाही मिळाला."

"पण दाजी, आपल्या इंजिनाला झालंय काय? माझ्या हातात असतं ते रोज. मला कसं कळलं नाही? आणि गेलातच होता तर मला का नाही नेलं? त्या दुकानदाराला ओळखतो मी, त्याचा भाऊ आपल्या धक्क्यावर..."

हा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, बोट चालवणारा. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. सकाळी बोटीचं आणि याचं इंजिन एकदमच सुरू व्हायचं. बोटीचं संध्याकाळी बंद व्हायचं.

रेडिओ बेटावर उतरायचासुद्धा. नांगर टाकला की रांगेत सगळ्यांच्या शेवटी चालायचा आणि मागून चालू. कुणाच्या कोंबडीनं कुठे अंडं घातलं इथपासून. कानसेन पुढून चिडायचा. "अरे, पक्षी शोधायला आलोय आपण, का लग्न जमवायला?" पण एक होतं. कानसेनला पक्ष्याची चाहूल लागली, त्यानं हात वर केला, की रेडिओ बंद. तेवढी शिस्त त्यानं मेहुण्याला लावली होती, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

*

सहलीच्या दिवशी त्याला उजाडायच्या आधी जाग आली. हल्ली गजर व्हायच्या आतच यायची. मनगटी घड्याळ हातातच असायचं, पण ते वाजलेलं त्याला कित्येक दिवसांत आठवत नव्हतं. बायकोचा हात त्याच्या मनगटावर होता. ही तिची अलीकडची सवय. पहाटे, कधी जेवताना, कधी धक्क्यावर चार लोकांत, सहज जवळ यायची आणि मनगट धरायची. क्षणभरच. इतक्या वर्षांच्या संसारात हे नवीन होतं. कानसेनला आवडायचं. का म्हणून विचारलं तर थांबेल, म्हणून तो विचारायचा नाही.

"अहो, नीट जा," ती म्हणाली. "आणि त्याला बरोबर घ्या बेटावर."

"तो काय माझ्या सांगण्यानं थांबतोय?"

पाहुणे चारच होते. एक डेंटिस्ट, गळ्यात तोफेएवढी लेन्स. एक नवरा-बायको, लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि भांडणं मात्र पन्नास वर्षं मुरलेली. आणि एक काकू, टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेल्या. काकूंनी पहिल्याच चहाला सांगितलं होतं, "अरे बाबा, मी जन्मभर आवाज ऐकले. तोंड एकाचं बघितलं नाही. आता मला फक्त बघायचंय. ती तुझी बारकी दाखव, मग मी घरी जाऊन गप्प बसते."

बेटं तीन. थोरल्यावर वस्ती आणि धक्का. मधल्यावर जंगल आणि मोठी जांभळी कबुतरं, ती कुणालाही दिसतात. धाकटं सगळ्यात लांब, नुसता खडक आणि वर हिरवं टोपरं घातल्यासारखी झाडी. बारकी तेवढ्या झाडीतच राहते. जगात दुसरीकडे कुठेच नाही.

मधल्या बेटावर कबुतरं झाली. डेंटिस्टनं एकेकाचे इतके फोटो काढले, की नवरा म्हणाला, "डॉक्टर, त्याला तोंड उघडायला सांगा ना, दाढ बघून घ्या." सगळे हसले. रेडिओ सगळ्यात जास्त. कानसेनला हसू आलं नाही. त्याचं लक्ष धाकट्याकडे होतं.

धाकट्याला धक्का नाही. बोट खडकाशी न्यायची, लाट वर उचलते त्या क्षणी रेडिओनं दोर घेऊन उडी मारायची. हजारदा मारलेली उडी. त्या दिवशी पाय शेवाळ्यावर पडला आणि सरकला. दोर सुटू दिला नाही त्यानं, पण घोट्यावर बघता बघता लिंबाएवढी सूज आली.

काकूंनी पिशवीतून पट्टी काढून आवळून बांधली. "आता बसायचं," त्यांनी फर्मावलं.

"छे छे, काही नाही झालं," म्हणत रेडिओ उठला आणि खाली बसला. परत उठला. परत बसला. "दाजी, मी येतो हळूहळू. तुम्ही सावकाश चाला."

"वर चढ आहे. तुला काय पाठुंगळी घेऊ?"

"मग उद्या येऊ या ना सगळे."

"उद्या त्यांची परतीची बोट आहे. बस इथे, दोर सांभाळ."

"दाजी, ऐका तरी..."

"एक दिवस," कानसेन म्हणाला, "एक दिवस लोकांना शांततेत पक्षी बघू दे. बघू तरी कसं वाटतं."

रेडिओचा चेहरा एवढासा झाला. दुखतंय, कानसेनला वाटलं.

*

आणि खरंच शांतता होती. इतकी, की कानसेनला स्वतःच्या बुटांचा आवाज येत होता. पायवाट ओली, दोन्हीकडे कमरेएवढे नेचे. पहिली काही मिनिटं त्याला फार बरं वाटलं. असंच हवं. माणसानं जंगलात असंच यावं.

मग हळूहळू काहीतरी चुकल्यासारखं व्हायला लागलं. खिसा हलका लागतो ना, तसं. तो थांबायचा, मान तिरकी करायचा, पुढे जायचा. नेहमीच्या झऱ्यापाशी आला. बारकी इथे नाही असं कधी झालं नव्हतं. इथे आलं, की त्याला आतून कळायचं, हात आपोआप वर जायचा.

हात वर गेला नाही.

"बसू या," तो म्हणाला. "येईल ती."

बसले. संत्री सोलून खाल्ली. डेंटिस्टनं लेन्स पुसली, परत पुसली. नवऱ्यानं जांभई दिली आणि बायकोनं त्याला कोपर मारलं. काकू मात्र हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या पोरीसारख्या ताठ बसून झाडांकडे बघत होत्या.

कानसेननं डोळे मिटून घेतले. पाणी ऐकू येत होतं. वारा येत होता. खाली खडकावर समुद्र आपटत होता. त्याच्यावर, जिथे बारकीचा आवाज असायला हवा होता, तिथे काहीच नव्हतं.

तेवढ्यात बायको कान चोळत नवऱ्याला म्हणाली, "ए, हा कसला किडा रे? मघापासून नुसता टोचतोय कानात."

"हो ना. आपण आलो तेव्हापासून चालू आहे."

कानसेननं डोळे उघडले.

कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. दोन मिनिटं त्याच्या हातात होती, आणि त्या दोन मिनिटांत तो काहीही करू शकत होता. हो, किडाच आहे, असं म्हणता आलं असतं. आज नाही दिसली, पक्षी आहे शेवटी, असं म्हणता आलं असतं. सगळे गाईड कधी ना कधी म्हणतात. चौघांनी मान डोलावली असती आणि खाली उतरले असते. बर्फाचा कारखाना कुठे पळून जात नव्हता.

पण काकू तशाच ताठ बसल्या होत्या.

"तो किडा नाही," कानसेन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "ती बारकी आहे. आणि मला ती ऐकू येत नाहीये. डॉक्टरनं सांगितलं होतं. मी मानलं नाही."

मग काकू म्हणाल्या, "देवा! मला पण नाही रे येत. मला वाटलं, माझंच वय झालंय, कशाला उगाच बोला."

"माझं तर विचारूच नका," डेंटिस्ट म्हणाला. "तीस वर्षं ड्रिल मशीन. या आवाजाचे सगळे कान मी दाढांवर खर्च केलेत."

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. "म्हणजे आपल्या दोघांनाच येतंय?"

"कुठून येतंय?" कानसेननं विचारलं.

"तिकडून," ती म्हणाली.

"छे, इकडून," तो म्हणाला.

"तुला कधी दिशा कळलीय का? परवा हॉटेलची खोली सापडत नव्हती."

"खोलीला आवाज नसतो!"

"थांबा, थांबा," कानसेन म्हणाला, आणि त्याच्या डोक्यात काहीतरी पेटलं. त्यानं बायकोला झऱ्याच्या या बाजूला उभं केलं, नवऱ्याला त्या बाजूला. "आता डोळे मिटा. एकमेकांचं ऐकू नका, फक्त तिचं ऐका. आणि हात सरळ आवाजाकडे."

दोघांनी डोळे मिटले. दोन हात उठले, जरा इकडे तिकडे डळमळले आणि थांबले. कानसेननं एका हाताची रेघ नजरेनं पकडली, मग दुसऱ्याची. दोन्ही रेघा जिथे मिळत होत्या तिथे शेवाळानं मढलेली एक फांदी होती. कान गेले होते, पण डोळे अजून त्याचेच होते. पान हलतं कसं आणि पक्षी हलतो कसा, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"काकू," तो हळूच म्हणाला, "इकडे या. माझ्या बोटावरून बघा. शेवाळ संपतं तिथे."

काकूंनी दुर्बीण लावली. मग दुर्बीण न काढताच त्यांनी दुसऱ्या हातानं कानसेनचा दंड घट्ट धरला.

अंगठ्याएवढी बारकी. हिरवट पाठ, पोटावर पिवळ्याचा पुसट हात फिरवल्यासारखा. मान वर, चोच उघडी, गळा नुसता थरथरत होता. जीव तोडून गात होती. आणि कानसेनपर्यंत त्यातलं काहीच पोहोचत नव्हतं. पण तो आवाज त्याला पाठ होता. गळ्याची थरथर बघता बघता तो त्याच्या आतच वाजायला लागला, जुन्या ओळखीच्या माणसानं हाक मारावी तसा.

"मुका सिनेमा आहे आपल्या दोघांना," काकू कुजबुजल्या. "पण चित्र काय सुंदर आहे रे."

"आम्ही डोळे उघडायचे का आता?" पलीकडून नवरा म्हणाला. "हात दुखायला लागला."

"उघडा, उघडा," डेंटिस्ट म्हणाला. "लग्नानंतर तुमचं पहिल्यांदाच एकमत झालंय. फोटो काढतो."

*

उतरताना कानसेन सगळ्यांच्या मागे राहिला. वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगा. पण नुसतंच वाईट नाही. चौघांनी एका शब्दानं त्याला कमीपणा दिला नव्हता. उलट बायको पुढे नवऱ्याला सांगत होती, "बघ, माझ्या हातानं शोधली आपण." आणि नवरा म्हणत होता, "माझ्या." कुठल्याच सहलीत पाहुणे इतके खूश होऊन उतरले नव्हते.

एकच गोष्ट डोक्यातून जात नव्हती. मशीन जर खरं होतं, तर गेल्या महिन्यात बारकी सापडली कशी? त्याच्या आधीच्या महिन्यात कशी?

खडकावर रेडिओ दोर धरून बसला होता. एवढा वेळ गप्प बसल्यानं आजारी दिसत होता. त्यांना बघितल्या बघितल्या एका पायावर उभा राहिला.

"दिसली?"

"दिसली," कानसेन म्हणाला.

"कशी काय?"

आणि रेडिओनं जीभ चावली.

इतक्या वर्षांत रेडिओनं जगातले सगळे प्रश्न विचारले होते. हा एक कधीच विचारला नव्हता. कानसेन त्याच्याकडे बघत राहिला. काकूंनी दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि बाकीच्यांना हाकत बोटीत नेलं. "चला, चला, मला धरा, मी पडेन." त्या काही पडणार नव्हत्या.

"तुला माहीत होतं," कानसेन म्हणाला.

रेडिओनं दोराकडे बघितलं. "ताईला कळलं आधी. तुमच्या हातातलं घड्याळ वेळीअवेळी वाजत राहायचं आणि तुम्हाला पत्ता नसायचा. तीच येऊन बंद करायची. तिनं मला सांगितलं. म्हणाली, त्यांना काही बोलू नकोस, जीव जाईल त्यांचा. फक्त बेटावर एकटं सोडू नकोस."

"आणि मग बारकी?"

"मला येते ना ऐकू."

"पण तू कधी सांगितलं नाहीस. खूण नाही, काही नाही. नुसती बडबड."

"बारकी बोलली की मी बंद व्हायचो, दाजी. तिच्याकडे तोंड करून उभा राहायचो. मी गप्प झालो, की तुम्ही मागे वळून बघणारच, काय झालं याला म्हणून. लग्नापासूनची सवय आहे तुम्हाला. मी बघत असायचो तिकडे तुमचीही नजर जायची. मग तुम्ही हात वर करायचात."

कानसेन खडकावर बसला. त्याला वाटायचं, हात वर झाला की रेडिओ बंद होतो. सगळं उलटं होतं. रेडिओ बंद झाला, की हात वर व्हायचा.

म्हणजे हा माणूस इतके दिवस बोलत होता तो गप्प बसता यावं म्हणून. चढावर धापा टाकत, ऐकायला कुणी नसताना, कोंबड्यांच्या आणि दुकानदारांच्या गोष्टी सांगत होता, मध्येच थांबलेलं कळावं म्हणून. आणि रोज वर शिव्या खात होता.

"तू एरवीही बोलतोसच की," कानसेन म्हणाला.

"बोलतो," रेडिओनं मान्य केलं. "पण चढावर बोलायला मला पण आवडत नाही हो. दम लागतो."

कानसेनला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं पुसलंही नाही. मेहुण्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला, त्याला उचलल्यासारखं बोटीत नेलं, आणि इंजिनाशी स्वतः बसला.

"दाजी, ते इंजिनाजवळ बसू नका, कान..."

"आता काय राहिलंय? तू बस तिकडे पाय वर करून. आणि बोल."

"काय बोलू?"

"ती कोंबडीची गोष्ट. मधल्या बेटावर अर्धी राहिली."

रेडिओनं त्याच्याकडे संशयानं बघितलं. मग सुरू झाला. कोंबडी, कोंबडीचा मालक, मालकाची सासू. कानसेननं आयुष्यात पहिल्यांदा त्याची एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. चांगली होती. शेवटाला काकू इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला.

थोरल्याच्या धक्क्याला लागताना कारखान्याच्या दारातून मॅनेजरनं हाक मारली, "काय, कधी येताय रुजू व्हायला?"

"नाही येत!" कानसेन ओरडला.

"का हो?"

"पाहुण्यांचे कान उसने घेणार आहे यापुढे! पहिल्याच दिवशी सांगून!"

मॅनेजरला काहीच कळलं नाही. बोटीतल्या चौघांना कळलं, आणि नवऱ्यानं डोळे मिटून हात सरळ कारखान्याकडे रोखला. बायकोनं तो खाली ओढला.

बायको, म्हणजे कानसेनची, धक्क्यावर उभी होती. तिनं आधी भावाच्या पायाकडे बघितलं. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. आणि तिला कळलं. पाहुणे उतरले, काकूंनी तिच्या गालाला हात लावला आणि त्या पुढे गेल्या.

मग ती जवळ आली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"वाजतंय?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "असंच."

आणि क्षणभरानं सोडायचा तो हात तिनं घरापर्यंत सोडला नाही. मागून रेडिओ लंगडत, काठी टेकत येत होता, आणि काठी देणाऱ्या माणसाच्या भावाची गोष्ट सांगत होता.